भाचीला सांगून आलेला मुलगा माझा जुना क्लायंट आहे. ताईला काय सांगू?

पायरीवरची

एका तालुक्याच्या गावात मी समुपदेशनाचं काम करते. मेडिकल दुकानाच्या वर दोन खोल्या, बाहेर जिन्यात एक बाकडं. मानसशास्त्रात एम.ए. आणि नंतर समुपदेशनाचा डिप्लोमा. औषधं देत नाही. औषध लागेलसं वाटलं की जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. खाली लिहिलेल्यात ओळख पटेल असं जे काही होतं ते बदललं आहे, तेव्हा "हा अमक्यांचा का?" असे व्यक्तिगत निरोप कृपया करू नका.

तर झालं असं. थोरल्या बहिणीच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. परवा ताईने व्हॉट्सॲपवर तीन बायोडेटा पाठवले आणि खाली लिहिलं, "तिन्ही तुमच्याच बाजूचे आहेत गं, जरा माहिती काढ." मी टेलरकडे ब्लाउज घ्यायला थांबले होते. पहिला उघडला. वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नाडी, गण, मामेकुळं, आणि शेवटी "अपेक्षा : अनुरूप". दुसरा उघडला, फोटो बघितला आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

तो मुलगा माझ्याकडे येत होता. कशासाठी, किती दिवस, ते लिहिणार नाही. काम रीतसर संपलं होतं आणि त्यालाही आता बराच काळ झाला.

सांगायचं नाही हे मला माहीत आहे. तेच शिकवलंय, तेच माझ्या फॉर्मवर छापलंय. पण ते पाळायचं कसं, तिथे अडलंय. गेल्या वर्षी एका स्थळाची चौकशी मीच करून दिली होती. त्या घराशी माझा कामाचा काही संबंध नव्हता, म्हणून "घर चांगलं, सासूबाई जरा कडक" असं मोकळेपणाने सांगितलं होतं. तेव्हापासून ताईचा पहिला फोन मला. आता मी गप्प बसले तर ती त्या गप्प बसण्याचा अर्थ लावणार. ताई आयुष्यभर शाळेत शिकवत होती, पोरांच्या तोंडाकडे बघून ती कॉपी पकडायची. मी तर तिच्या हाताखालीच वाढले.

शिवाय बघण्याचा कार्यक्रम ठरला तर मला बोलावणार. एकुलती एक मावशी आहे, जाणार नाही असं कसं म्हणू? आणि त्या मुलाला तरी कुठे माहीत असणार की मुलीची मावशी म्हणजे मी? आडनावं वेगळी, गावं वेगळी. पोह्यांची बशी हातात घेऊन तो वर बघणार आणि समोर मी. त्याला आधी कळवायचं का? आणि जमलंच लग्न, तर पुढे काय?

एक मनातलं विचारते. त्याच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. "मुलगा चांगला आहे" एवढंच सांगितलं तर? गुपित फुटत नाही, कोणाचं नुकसान नाही, ताईचं समाधान होतं. चालेल का हे?

मुलीचा_बाप

रागावू नका, पण मला हा प्रश्नच कळला नाही. सख्खी भाची आहे. उद्या काही निघालं आणि ताईंना कळलं की मावशीला आधीपासून माहीत होतं, तर तुमचं माहेर तुटलं म्हणून समजा.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही मुलाच्या ऑफिसात, शेजारी, चुलत्याकडे, अगदी त्यांच्या दूधवाल्याकडेसुद्धा चौकशी केली. मुलीच्या बापाच्या हातात तेवढंच असतं. निदान एवढं तरी सांगा, त्रास साधा होता की मोठा? झोप नाही, टेन्शन, असलं काही असेल तर सोडून द्या. मोठं काही असेल तर मुलीचं आयुष्य महत्त्वाचं की फॉर्मवरची ओळ?

घाटावरचा_वकील

बाप म्हणून तुमची काळजी रास्त आहे, पण प्रश्न चुकीच्या माणसाला विचारताय.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमलात आला २०१८ मध्ये. त्याचं कलम २३ सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला आपला आजार आणि उपचार गुप्त राहण्याचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्यांवर तो पाळण्याचं बंधन आहे. अपवाद मोजके. नामनिर्देशित प्रतिनिधी, उपचारांसाठी दुसरा डॉक्टर, दुसऱ्या कोणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवणं, कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा किंवा सक्षम प्राधिकरणाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा. धोक्याच्या प्रसंगी बोलायचं तेही गरजेपुरतं. लग्नाची चौकशी यात कुठेच बसत नाही.

धागाकर्ती समुपदेशक आहेत, आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाहीत, तेव्हा "हे कलम त्यांना लागू होतं का" असा कीस कोणी काढू शकेल. समुपदेशकांना आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणी वालीच नव्हता; सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने त्यांची कुठेतरी दखल घेतली. पण इथे त्या वादात शिरायची गरज नाही. फॉर्मवर हमी दिली, सही घेतली, फी घेतली. ती हमी मोडली तर दाद मागायला मुलाला तेवढं पुरे.

आता एक निकाल कोणीतरी तोंडावर फेकणारच, म्हणून आधीच सांगतो. "मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड", सर्वोच्च न्यायालय, १९९८. रक्त देण्याआधीच्या तपासणीत एका डॉक्टरला एचआयव्हीची लागण असल्याचं निघालं, ते मुलीकडच्यांना कळलं, ठरलेलं लग्न मोडलं. त्याने रुग्णालयावर दावा लावला आणि तो हरला. कारण होणाऱ्या बायकोच्या जिवाला संसर्गाचा थेट धोका होता. त्याच निकालात त्याच्या लग्नाच्या हक्काविषयी जे लिहिलं गेलं ते पुढे २००२ मध्ये न्यायालयानेच अनाठायी ठरवलं. नातेवाइकांना कळल्याने त्याचा हक्क डावलला गेला नाही, एवढा भाग तेवढा राहिला. संसर्गाचं हे तर्कशास्त्र मनाच्या त्रासाला लावता येत नाही. मनाचा त्रास लागट नसतो.

आणि बापाच्या काळजीला कायद्यात जागा आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२ : महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून, फसवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द करून घेता येतं, फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. बऱ्या झालेल्या प्रत्येक दुखण्याला न्यायालय "महत्त्वाची वस्तुस्थिती" म्हणेलच असं नाही, ते प्रकरणागणिक ठरतं. मुद्दा असा की सांगायची जबाबदारी कायद्याने बोहल्यावर चढणाऱ्यावर टाकली आहे. मावशीवर नाही.

जुनी_खुर्ची

पायरीवरची,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण खरी गडबड तिथे आहे. "मुलगा चांगला आहे" हे सांगायचं नाही. वाईट सांगताना निदान जीभ अडखळते. चांगलं सांगणं उपकार केल्यासारखं वाटतं, म्हणून पाय तिथे जास्त घसरतो. तुम्ही चांगला म्हणालात की ताईंचा पुढचा प्रश्न "तुला कसा काय माहीत?" मग एक तर खोटं बोला, नाहीतर सगळं सांगा. समजा त्यांनी नाही विचारलं. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी दुसरं स्थळ आलं, तोही तुमचा क्लायंट, आणि त्याच्याबद्दल तुमच्या तोंडून "चांगला" निघेना. तेव्हा काय कराल? एकाला प्रमाणपत्र दिलंत की दुसऱ्याला न देणं हाच शेरा होतो.

दुसरी गोष्ट आपल्या धंद्यातले लोक फारशी कबूल करत नाहीत. आपल्याला माणूस कळतो तो किती? आठवड्यातून एकदा, पाऊण तास, समोरच्या खुर्चीत, तेही त्याच्या पडत्या काळात. तो पैशाला कसा आहे, आईपुढे बोलतो का, बायकोला पगार किती ते सांगेल का, भांडण झालं की दार आपटतो की जेवण सोडतो? यातलं आपण जे जाणतो ते त्याने सांगितलेलं. आतलं खूप ठाऊक असतं, पण संसाराला लागणारं त्यात थोडंच. स्थळाच्या चौकशीला दूधवाला आपल्यापेक्षा जास्त उपयोगाचा. मुलीचा_बाप यांनी योग्य माणूस गाठला होता, हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही.

बापसाहेब, "साधा की मोठा" हा प्रश्न तुम्ही इथे एका वाक्यात विचारलात. ताई तोच विचारतील, भाऊजी विचारतील, भाचीही विचारेल. "साधाच होता" म्हटलं की मुलगा समुपदेशकाकडे जात होता हे सांगून झालं, आणि उरलेलं गाव रंगवतं.

अमेरिकेतल्या टारासॉफ खटल्याचं नाव कोणीतरी काढेल, म्हणून मीच काढते. बर्कलीला नेव्हल आर्किटेक्चर शिकायला गेलेला प्रसेनजित पोद्दार, बंगालचा मुलगा. एका मुलीला, तातियाना टारासॉफला, मारणार असं त्याने थेरपिस्टला सांगितलं. थेरपिस्टने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी धरलं आणि सोडलं. मुलीला किंवा तिच्या घरी कोणीच काही बोललं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने तिचा खून केला. १९७६ च्या निकालात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने थेरपिस्टवर धोक्यातल्या माणसाला वाचवण्याची जबाबदारी टाकली. तिथे एका ठरावीक मुलीच्या जिवावरची धमकी होती. तसं काही असतं तर हा धागा निघालाच नसता, फोन पोलीस स्टेशनला गेला असता.

आता ताईंना सांगायचे शब्द. "ताई, कामामुळे मी इथून पुढे गावातल्या कुठल्याच स्थळाबद्दल काही बोलणार नाही. चांगलं नाही, वाईट नाही, ओळखते की नाही तेही नाही. माझ्याकडे कोण येतं ते कोणाला कळू नये म्हणून सगळ्यांना एकच उत्तर." हे तिन्ही बायोडेटांवर, एकाच फोनमध्ये. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं घर सांगितलंत आणि मधल्यावर घसा खाकरलात की संपलं. ताई म्हणतील, मागे तर सांगितलंस. म्हणा, मागे सांगितलं, आता नाही सांगत. संशय जाणार नाही. पण तिघांतला कोण, की कोणीच नाही, हे कळायला वाट राहणार नाही. "मी त्याला ओळखत नाही" असं मात्र चुकूनही म्हणू नका. न सांगणं निभावता येतं. खोटं बोललेलं बारशाच्या दिवशी पंगतीत उघडं पडतं.

यजमानांनाही आवरा. ताई उद्या त्यांना फोन करतील. गावकरी म्हणून त्यांना जे माहीत असेल ते त्यांनी खुशाल सांगावं, पण त्यासाठी तुम्ही त्यांच्याकडे बघून भुवई उचलायची नाही.

कार्यक्रमाला जाऊ नका. कामाचा दिवस आहे म्हणा, आणि खरंच त्या वेळेला कोणाला तरी वेळ देऊन ठेवा, म्हणजे थापही मारावी लागणार नाही.

मुलाला कळवायचं का? हो, पण आज नाही. निम्मी स्थळं पत्रिकेतच अडतात, राहिलेली निम्मी पगारात. भेटायचा दिवस ठरला तर एक फोन करा.

आणि लग्न जमलंच तर? लोकांना वाटतं, भाचजावई समोर आला की अवघडल्यासारखं होईल. त्याचं काही नाही, सणावाराला दोनदा भेटलात की सवय होते. अवघड वेगळंच आहे. लग्नाला वर्ष होईल आणि एक दिवस भाची तुम्हाला फोन करेल. "मावशी, हा चार-चार दिवस बोलतच नाही गं, काय करू? तुझं तर हेच काम आहे." तुम्हाला कदाचित ठाऊक असेल तो का बोलत नाही. घरात असा अबोला पूर्वी कोणी धरायचं, त्यातून तो कसा बाहेर यायचा, काय केलं की खुलायचा. ते सगळं गिळून तुम्हाला एखाद्या साध्या मावशीसारखं बोलावं लागेल, त्याहून कमीच. "तू त्यालाच विचार. दोघं मिळून कोणाकडे तरी जा, पण माझ्याकडे नको." भाचीला वाटेल, मावशी तुटक वागते. ती किंमत आजच मोजून ठेवा. त्या मुलालाही पुन्हा गरज लागली तर तुमचा दरवाजा बंद; दुसऱ्या गावातल्या कोणाचं तरी नाव तयार ठेवा.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतही प्रत्येक दुहेरी नातं गैर मानलेलं नाही. आपली बुद्धी त्याने ढळते का, समोरच्याचं नुकसान होतं का, ही कसोटी. लहान गावात दुहेरी नाती टळत नाहीतच. माझी सुरुवात तशाच गावात झाली. माझ्या मुलीची वर्गशिक्षिका, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे आलटून पालटून त्या खुर्चीत बसून गेले.

अवांतर : मूळ प्रश्नातलं "मत चांगलं आहे" आणि "दुसरा बायोडेटा" हे काढून टाका. ताई हा धागा वाचणार नाहीत हे कशावरून? भाची तर नक्की वाचू शकते.

नवशिकी

+१ जुनी_खुर्ची. फक्त मुलाला कळवण्याबाबत वेगळं वाटतं. आजच फोन करावा. पत्रिका जुळेपर्यंत थांबायचं म्हणजे तोवर त्याच्याबद्दल आपल्याला माहीत आहे आणि त्याला आपल्याबद्दल नाही. हे बरोबर नाही वाटत. माझी सुपरव्हायजर म्हणते, क्लायंटला शेवटी कळतंय असं काही असूच नये.

आणि एक व्यावहारिक. त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहे का? बायोडेटावर बहुतेक वेळा वडिलांचा किंवा मुलाचा नंबर असतो. ताई घरी आल्या, त्यांची रेंज गेली, "तुझ्या फोनवरून लाव गं" म्हणाल्या आणि नंबर टाकताच वर नाव आलं, खाली जुने मेसेज, "उद्या ५ ला येतो मॅडम". माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या नवऱ्याने असंच एक नाव वाचलं होतं, तेव्हापासून आम्ही कामाचा फोन वेगळाच ठेवतो. यूपीआयचंही बघा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पैसे पाठवणाऱ्याचं नाव येतं, आणि रिटर्न भरायला ते स्टेटमेंट भाऊजींकडे जात असेल तर ते सगळी यादीच वाचतात.

रात्रपाळी

मी टेबलाच्या पलीकडचा. एमआयडीसीत नोकरी, दोन वर्षं समुपदेशन आणि गोळ्या, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन्ही बंद. आज लग्न झालंय, मुलगी बालवाडीत आहे.

माझ्या वेळी काय झालं ते सांगतो. घरच्यांचा सल्ला एकच, "कशाला बोलतोस, झाकली मूठ राहू दे." समुपदेशक मॅडमनी सांग असंही म्हटलं नाही आणि नको असंही नाही. त्यांनी फक्त माझ्याकडून म्हणून घेतलं, म्हणजे मी मुलीला काय सांगेन ते खोलीत मोठ्याने बोलून दाखवायला लावलं. पहिल्यांदा मी आजाराच्या नावापासून सुरुवात केली आणि मलाच भीती वाटली. मग मॅडम म्हणाल्या, नाव राहू दे, तुम्हाला सकाळी काय व्हायचं ते सांगा. ते जमलं.

दोन्ही घरच्यांनी आम्हाला बाहेर भेटायला पाठवलं तेव्हा स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ मागवली होती. मी बोललो. ती ऐकत होती आणि मधेच तिने पावाचा तुकडा मोडून माझ्या ताटलीत ठेवला, कारण माझा पाव संपला होता आणि मला कळलंही नव्हतं. मग तिने विचारलं, "परत झालं तर मला कसं कळेल?" हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता, डॉक्टर सोडून. मी सांगितलं, मी दाढी करायचं बंद करतो. आजही ती दाढीकडे लक्ष ठेवून असते.

तिला हे आधीच तिच्या कुठल्या मावशीकडून कळलं असतं तर त्या दिवशी मी फक्त कबुली देत बसलो असतो. सांगायची पाळी माझी होती आणि ती मला मिळाली. बापसाहेब, तुमच्या मुलीला हवी ती माहिती मिळण्याचा हाच एक चांगला रस्ता आहे असं मला वाटतं.

फोनबद्दल. मला फोन आला असता तर बरं वाटलं असतं, मेसेज आला असता तर नाही. त्या काळात माझा फोन आई बघायची. आणि बायोडेटा पाठवल्या पाठवल्या आला असता तर मी घाबरून ते स्थळच नको म्हटलं असतं. तेव्हा जुनी_खुर्ची म्हणतात ते पटतं, थोडं थांबावं.

गावात गुपित खरं कुठून फुटतं माहीत आहे का? समुपदेशक नाही. मेडिकलवाला. चिठ्ठी वाचून "अजून चालू आहेत का हो या?" असं चारचौघांत विचारतो. मी गोळ्या कायम शेजारच्या तालुक्यातून आणल्या.

मुलीचा_बाप

रात्रपाळी, वाचलं. तुमच्या सौभाग्यवतींना नमस्कार सांगा.

तरी माझं एक उरतंच. सगळी मुलं तुमच्यासारखी बोलत नाहीत. जो बोलणार नाही, त्याच्या होणाऱ्या बायकोचं काय?

जुनी_खुर्ची

बापसाहेब, तिचं नुकसान होऊ शकतं. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण समुपदेशक चौकशीत बोलतात असं एकदा गावाला कळलं ना, तर लग्नाच्या वयाचा एकही मुलगा, एकही मुलगी जिना चढणार नाही. मग न बोलणारेच उरतील, आणि तेही उपचार न घेतलेले. मुलीला एक करता येतं. तिने स्वतःच विचारावं. पत्रिकेची, पगाराची, घराची चौकशी आपण सगळ्यांकडे करतो आणि "तू कधी फार खचला होतास का, तेव्हा काय केलंस?" हे त्या मुलालाच विचारत नाही. मुलांनीही मुलींना विचारावं. हा सल्ला भाचीला मावशी म्हणून देता येईल, कुठल्याही स्थळाच्या आधी, सरसकट. पायरीवरची, तो मात्र या तीन स्थळांचं मिटल्यावर द्या. आत्ता दिलात तर तोच इशारा ठरेल.

नवशिकी, तुमच्या सुपरव्हायजर बाई बरोबर आहेत, आणि मी तरी थांबायचंच म्हणेन. फोन केला की आपण त्याच्या डोक्यात शिरतो. त्याला वाटू शकतं की मॅडम नको म्हणतायत. जे स्थळ पत्रिकेत अडून आपोआप संपलं असतं, त्यासाठी हा धक्का कशाला? भेटायचं ठरलं तर मग दिवसभरही थांबू नका.

घाटावरचा_वकील

त्या फोनमध्ये "तुम्ही तिकडे सांगून टाका" असं म्हणायचं नाही, हे लिहायचं राहिलं. तो कायदा विचारेल तर वकिलाकडे पाठवा. फोन केल्याची तारीख आणि काय बोललात त्याची दोन ओळींची नोंद मात्र ठेवा.

पायरीवरची

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नातलं वाक्य आणि तो "दुसरा" काढायचं मी संपादकांना कळवलं आहे. इथे सदस्याला जुना मजकूर बदलता येत नाही.

ताईला फोन केला. जुनी_खुर्ची यांचे शब्द कागदावर लिहून समोर ठेवले होते. दोन सेकंद शांतता, मग "म्हणजे कोणाततरी काहीतरी आहे." मी म्हटलं, ताई, तू आणखी दहा पाठव, दहांवर हेच उत्तर. "मग तुझा उपयोग काय?" यावर मला हसू आलं, ती मात्र हसली नाही. चौकशीचं काम आता तिने आमच्या चुलतभावाकडे दिलंय. त्याची गावात डेअरी आहे, त्यामुळे दूधवाल्याचाही प्रश्न सुटला. गौरी-गणपतीला घरी ये म्हणून दरवर्षी जो फोन येतो तो यंदा अजून आलेला नाही. येईल.

मिस्टरांना एवढंच सांगितलं की ताईचा फोन आला तर मला विचारू नका आणि माझ्याकडे बघूही नका. ते म्हणाले, "मी तर तुझ्याकडे बघतच नाही." हलके घ्या.

नंबर सेव्ह होता. काढला, जुने मेसेजही काढले. नोंदी फाइलमध्ये कुलपात आहेत तेवढ्या पुरेत. भेटायचं ठरलं तर त्याच दिवशी मुलाला फोन, मेसेज नाही. बोलायचं ते लिहून ठेवलंय. मी मुलीच्या नात्यात आहे, मी कोणाला काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही, मी कार्यक्रमाला नसेन, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या गावातल्या दोन समुपदेशकांची नावंही काढून ठेवली आहेत.

नवशिकी

फॉर्मवर यासाठी काही ओळ घालता येईल का? माझ्या फॉर्मवर नुसतं "सर्व माहिती गोपनीय राहील" आहे.

पायरीवरची

मी कालच नवीन छापायला दिला. त्यातला भाग देते, हवा तसा बदलून घ्या.

"आपण एकाच गावात राहतो. बाहेर भेट झाली तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर मी बोलेन, पण कामाचं नाही. लग्न, नोकरी, भाड्याची खोली, कर्ज अशा कोणत्याही कारणासाठी कोणीही तुमच्याविषयी विचारलं तर तुम्ही माझ्याकडे येत होतात की नाही हेसुद्धा मी सांगणार नाही. चांगलंही सांगणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा न्यायालयाचा आदेश आला, तर मला बोलावं लागेल; शक्य असेल तेव्हा ते आधी तुम्हाला सांगेन. तुमचं-माझं नातं, सोयरीक किंवा व्यवहार जुळण्याची शक्यता निघाली तर दोघांपैकी ज्याला आधी कळेल त्याने दुसऱ्याला फोन करावा. फोन करायची सोयीची वेळ : ______"

ती शेवटची रिकामी जागा रात्रपाळी यांच्यामुळे घातली. अत्याचाराची ओळ पोक्सोसाठी आहे. २०१२ च्या त्या कायद्यात कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, तेव्हा ती गाळू नका. आणि अक्षर मोठं ठेवा, छापखानेवाला कागद वाचवायला बारीक करून देतो.